नाकामुरांची भट्टी आणि तुझा मॅग्नेशियमचा थर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यापासून तू स्फटिकाचे थर वाढवायच्या रिॲक्टरवर बसणार, त्याआधी तेजस्वी निळा एलईडी बनवणाऱ्या शुजी नाकामुरांबद्दल लिही म्हणालास, म्हणून हे पत्र. नोबेलची हकिगत तुला कुठेही वाचायला मिळेल. त्यांनी भट्टीत नेमकं काय बदललं ते मला तुला सांगायचंय. माझ्या मते त्यांचं खरं भौतिकशास्त्र तिथेच आहे.

जन्म १९५४, शिकोकू बेटावरचं इकाता. तोकुशिमा विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेऊन १९७९ साली ते अनान शहरातल्या निचिया या फॉस्फर (चमकणारी पावडर) बनवणाऱ्या कंपनीत लागले. पहिली दहा वर्षं गॅलियम फॉस्फाइड आणि गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकांत गेली. माल तयार झाला, पण मोठ्या कंपन्या त्याच मालात आधीपासून होत्या, त्यामुळे खप जेमतेम. ही वर्षं वाया गेली असं लोक म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. क्वार्ट्झची नळी कापणं, जोडणं, बंद नळीत फॉस्फरसचा दाब वाढला की ती कशी फुटते ते समजून घेणं, हे सगळं त्यांनी तिथे स्वतःच्या हाताने केलं. पुढे याच हातांनी रिॲक्टर उघडला.

१९८८ मध्ये त्यांनी थेट संस्थापक नोबुओ ओगावांकडे निळ्या एलईडीसाठी पैसे मागितले आणि मिळालेही, काही कोटी येन. एमओसीव्हीडी, म्हणजे वायूंमधून तापलेल्या तबकडीवर स्फटिकाचा थर वाढवायची पद्धत, शिकायला एक वर्ष फ्लोरिडा विद्यापीठात काढलं. तेव्हा बहुतेक जण झिंक सेलेनाइडच्या मागे होते, कारण ते गॅलियम आर्सेनाइडवर जवळजवळ जुळून बसतं. गॅलियम नायट्राइड आणि ते ज्यावर वाढवतात ते सॅफायर यांच्या स्फटिकजाळीत मात्र सुमारे १६ टक्क्यांचा फरक आहे, म्हणून थरात दर चौरस सेंटिमीटरला कोट्यवधी डिस्लोकेशन, म्हणजे अणूंच्या रांगा चुकलेल्या जागा, पडतात. नाकामुरांनी तरीही नायट्राइडच घेतलं. तिथे गर्दी नव्हती, आणि पीएचडीसाठी स्वतःचे शोधनिबंध हवे होते.

अकासाकी आणि अमानो यांना मात्र विसरू नकोस. नागोया विद्यापीठात त्यांनी १९८६ साली दाखवलं की आधी कमी तापमानाला ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर द्यायचा आणि मग १००० अंशांच्या वर गॅलियम नायट्राइड वाढवायचं, म्हणजे आरशासारखा गुळगुळीत थर येतो. १९८९ मध्ये मॅग्नेशियम घातलेल्या थरावर इलेक्ट्रॉनचा झोत फिरवून त्यांनी पहिल्यांदा पी-प्रकार मिळवला, म्हणजे ज्यात होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) वीज वाहतात तो थर. एलईडीला हा आणि इलेक्ट्रॉन वाहणारा एन-प्रकार, दोन्ही लागतात. २०१४ चं नोबेल तिघांना मिळालं ते रास्तच झालं.

आता भट्टी. सॅफायर १००० अंशांवर तापलं की त्याच्यावरचा वायू गरम होऊन वर उठतो. गॅलियम आणणारा ट्रायमिथाइल गॅलियम आणि नायट्रोजन देणारा अमोनिया पृष्ठभागाला नीट टेकतच नाहीत, थर ठिकठिकाणी बसतो किंवा बसतच नाही. बाजारातल्या रिॲक्टरमध्ये हेच होत होतं. नाकामुरांनी नळ्या, हीटर, नोझल बदलत बदलत दुसरा प्रवाह आणला. मुख्य वायू सॅफायरला समांतर जातो आणि वरून नायट्रोजन-हायड्रोजनचा प्रवाह त्याला खाली दाबून धरतो. या दोन प्रवाहांच्या रचनेने १९९१ पर्यंत थराची इलेक्ट्रॉन गतिशीलता (इलेक्ट्रॉन किती सहज सरकतात त्याचं माप, चौ. सेंमी प्रति व्होल्ट-सेकंदात) २०० च्या घरात गेली, आणि त्याखाली सुमारे २० नॅनोमीटरचा गॅलियम नायट्राइडचाच बफर, म्हणजे पायाचा थर, दिल्यावर ६०० पर्यंत. बफरची जाडी आणि तो देतानाचं तापमान फार जपावं लागतं. बफर जाड झाला की वरचा थर खडबडीत येतो, पातळ राहिला तर सॅफायर मध्येच उघडं पडतं.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो १९९२ चा प्रयोग, आणि तुझं कामही नेमकं तिथलंच आहे. मॅग्नेशियम घातलेला थर वाढवून काढला की त्याची रोधकता १० लाख ओहम-सेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे तो जवळपास निरोधकच. नाकामुरांनी तो नायट्रोजनमध्ये ७०० अंशांवर तापवला, रोधकता २ वर आली. मग तोच थर अमोनियात तापवला, तर ६०० अंशांच्या पुढे ती परत १० लाखांवर. दोन वायू, दोन उलटी उत्तरं. अमोनियातून सुटणारा हायड्रोजन मॅग्नेशियमला चिकटून त्याला निकामी करतो, हे त्यातून उघड झालं. इलेक्ट्रॉनचा झोत फक्त वरच्या पातळ भागापर्यंत पोचतो, तापवल्याने मात्र थरांसकट अख्खी वेफर (तबकडी) एकदम तयार होते. कारखान्याला हेच हवं होतं.

उरला रंग. नुसतं गॅलियम नायट्राइड ३६५ नॅनोमीटरला, म्हणजे अतिनीलात प्रकाश देतं. निळ्यासाठी इंडियम लागतं, आणि ते १००० अंशांवर टिकत नाही. ८०० च्या आसपास यावं लागतं आणि वाहक वायू हायड्रोजनऐवजी नायट्रोजन घ्यावा लागतो. १९९३ च्या शेवटी निचियाने जाहीर केलेला एलईडी १ कँडेलाच्या घरात होता, तेव्हाच्या सिलिकॉन कार्बाइडच्या निळ्या एलईडीपेक्षा सुमारे शंभरपट तेजस्वी.

पुढे ते कॅलिफोर्नियात सँटा बार्बराला प्राध्यापक झाले. दोन प्रवाहांच्या पेटंटवरून कंपनीशी खटला झाला. टोकियोच्या न्यायालयाने २००४ मध्ये २००० कोटी येन द्यायला सांगितले, २००५ मध्ये सुमारे ८४ कोटींवर तडजोड झाली.

आता तुझ्या थराबद्दल. रिॲक्टर थंड होताना अमोनिया चालूच ठेव, नाहीतर गरम पृष्ठभागावरून नायट्रोजन उडून जाईल. हायड्रोजन काढायचं काम नंतर वेगळं कर, नायट्रोजनमध्ये ७०० अंशांवर २० मिनिटं, आणि त्या भट्टीत अमोनियाचा मागमूसही राहू देऊ नकोस. मॅग्नेशियम जास्त घातलं म्हणजे होल वाढतील असं धरून चालू नकोस. घनसेंटिमीटरला १०^१९ च्या घरात अणू घातले तरी खोलीच्या तापमानाला त्यातला जेमतेम शंभरावा हिस्साच होल देतो, आणि फार घातलं तर स्फटिक बिघडून होल उलट कमी होतात. मॅग्नेशियमचा वायू नळ्यांच्या भिंतींना चिकटतो, व्हॉल्व्ह बंद केल्यावरही पुढच्या थरात उतरतो. म्हणून त्यानंतरचा एक रन रिकाम्या गॅलियम नायट्राइडचा घे आणि मगच तुझा एन-प्रकार वाढव.

थर्मोकपलवर दिसणारं तापमान वेफरचं नसतं, वेफर ज्यावर ठेवतात त्या तापणाऱ्या सस्सेप्टरच्या खालचं असतं. दोन्हींतला फरक पहिल्याच दिवशी विचारून घे. पहिल्या रनचे आकडे हाती आले की हॉल मापनासकट (चुंबकीय क्षेत्रात होल किती ते मोजणं) पाठव, रात्री निवांत बघेन.

तुझी,
आई