निवृत्ती व्हिसाचा मार्ग न विचारता ठरवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : निवृत्ती व्हिसासाठी चुकीचा मार्ग निवडून दिल्याबद्दल आणि सल्ला शुल्क परत मिळण्याबाबत

महोदय,

थायलंडमध्ये दीर्घकाळ राहण्यासाठी व्हिसा मिळवून देण्याचे काम मी आणि माझ्या पत्नीने आपल्या कंपनीकडे सोपवले होते. व्हिसा मिळाला, हे खरे. वर्षभरापासून आम्ही चियांग माईत राहतो आहोत. तरीही तक्रार करतो आहे, कारण ज्या कामाचे पैसे आम्ही मोजले ते काम आपण केलेच नाही. अर्ज मी स्वतः भरू शकलो असतो. इतक्या मार्गांपैकी आपल्याला कोणता सोयीचा, हे कळत नव्हते म्हणून आपल्याकडे आलो होतो.

पहिल्याच भेटीत आपल्या प्रतिनिधींनी दहा वर्षांचा 'ओ-एक्स' व्हिसा सुचवला. त्यासाठी ३० लाख बाटची ठेव दाखवावी लागते, म्हणून मी मुदत ठेवी मोडल्या. व्याज बुडाले ते बुडालेच. दोन महिन्यांनी "तो सध्या बंद आहे" असा फोन आला. तो बंद नव्हता. तो ठरावीक १४ देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि त्या यादीत भारत नाही. माझा पासपोर्ट पहिल्या दिवसापासून आपल्या टेबलावर होता. नुसते पहिले पान पाहिले असते तरी पुरे होते.

मग आपण आम्हाला 'ओ-ए' या एक वर्षाच्या निवृत्ती व्हिसाकडे वळवले. पोलीस पडताळणीचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, साक्षांकन, सगळी धावपळ आम्ही निमूट केली. मी तेव्हा ६६ वर्षांचा होतो आणि २०१९ मध्ये मला स्टेंट बसवलेला आहे. तब्येत कशी आहे, औषधे कोणती चालू आहेत, विमा मिळेल का, यातले काहीही आपल्यापैकी कोणी एकदाही विचारले नाही. 'ओ-ए'ला ३० लाख बाटच्या संरक्षणाचा आरोग्य विमा सक्तीचा आहे, हे आम्हाला अर्ज भरण्याच्या आठवड्यात कळले. विमा कंपनीने हृदयविकार वगळूनच पॉलिसी दिली आणि वयामुळे हप्ता भरमसाट लावला. म्हणजे ज्या दुखण्याची धास्ती, त्यालाच संरक्षण नाही.

गेल्या महिन्यात मुदतवाढीसाठी इथल्या इमिग्रेशन कार्यालयात गेलो होतो. शेजारच्या खुर्चीवर माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या मांडीवर बँकेचे पत्र आणि त्याच सकाळी नोंदी भरून आणलेले पासबुक होते. विम्याचा एकही कागद नव्हता. मी विचारले, तर त्यांनी पासपोर्ट उघडून व्हिसाच्या पानावर बोट ठेवले. तिथे नुसते 'ओ' होते. माझ्या पानावर 'ओ-ए'. ८ लाख बाटच्या ठेवीचा नियम दोघांनाही तोच, दर ९० दिवसांनी पत्ता कळवण्याचा नियमही तोच. त्या एका जादा अक्षरापायी मला मात्र दर मुदतवाढीला विमा दाखवावा लागणार आहे. सत्तरीनंतर नवी पॉलिसी मला कोण देणार, याचे उत्तर आपल्याकडे आहे का?

साध्या 'ओ' व्हिसाने येऊन, मिळालेल्या ९० दिवसांत इथल्या बँकेत ८ लाख बाट ठेवायचे, ते दोन महिने खात्यात राहू द्यायचे आणि मग निवृत्तीच्या आधारावर वर्षाची मुदतवाढ घ्यायची. मंजुरीनंतर तीन महिने ती रक्कम तशीच ठेवायची आणि पुढेही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. हा मार्ग आपल्या फाइलमध्ये असणारच. तो आम्हाला दाखवला का नाही?

'ओ-ए' वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. त्यात ठेव आपल्याच देशातल्या बँकेत दाखवता येते आणि आल्याबरोबर वर्षभर राहता येते. पन्नाशीतल्या धडधाकट माणसाला तो सोयीचाच पडेल. हृदयाचे दुखणे असलेल्या ६६ वर्षांच्या माणसाला तो देणे म्हणजे माप न घेता कपडा शिवणे.

आणखी एक गोष्ट. पहिले वर्षभर कितीही वेळा ये-जा चालत होती, म्हणून मुदतवाढीनंतरही चालेल असेच आम्ही धरून चाललो होतो. पत्नी आईला भेटायला निघाली, तेव्हा आदल्या दिवशी शेजाऱ्यांनी सांगितले म्हणून री-एंट्री परमिट काढले. ते न काढता देश सोडला असता तर तिची मुदतवाढ तिथल्या तिथे संपली असती. एका फेरीच्या परमिटला १,००० बाट लागतात. एवढी साधी सूचना आपल्या एकाही ईमेलमध्ये नाही.

या सगळ्याबद्दल मी फोन केला, तेव्हा मिळालेले उत्तर मला सर्वांत जास्त लागले. देश सोडून पुन्हा 'ओ'वर या आणि ८ लाखांची काळजी करू नका, आमचा तिथला माणूस काही दिवसांसाठी तुमच्या खात्यात रक्कम भरेल, असे मला सांगण्यात आले. माझ्याकडे माझे स्वतःचे ८ लाख बाट आहेत. नसते तरी खोट्या शिलकीखाली मी सही केली नसती. उद्या ते उघडकीला आले तर परत पाठवले जाईल ते मला आणि माझ्या पत्नीला. आपल्या कंपनीचे नाव त्या कागदावर कुठेही नसेल.

माझ्या मागण्या अशा आहेत. सल्ला शुल्क पूर्ण परत करावे. 'ओ-ए'मुळे भराव्या लागलेल्या दोन वर्षांच्या विमा हप्त्यांची भरपाई द्यावी. 'ओ-एक्स' बंद असल्याचे कोणी आणि कशाच्या आधारावर सांगितले, याचा लेखी खुलासा करावा. दुसऱ्याच्या पैशाने खाते भरण्याचा सल्ला देणाऱ्या कर्मचाऱ्यावर काय कारवाई केली, तेही लेखी कळवावे. आमचे मूळ दाखले अजून आपल्याकडेच आहेत, ते कुरिअरने तातडीने पाठवावेत, कारण 'ओ'साठी नव्याने तयारी करताना ते लागू शकतात.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. आपले सर्व ईमेल आणि पावत्या मी जपून ठेवल्या आहेत.

आपला,
एक ग्राहक

सोबत : शुल्काच्या पावत्या, ईमेलच्या प्रती, दोन्ही विमा पॉलिसींच्या प्रती, पासपोर्टवरील व्हिसाच्या पानाची प्रत