व्हिंटेज शॅम्पेन उडवायची नसते

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला पार्टी ड्रिंक्सवरचा लेख वाचला. व्हिंटेज शॅम्पेन फ्रीझरमध्ये घालून एकदम गार करा आणि उंच निमुळत्या फ्लूट ग्लासमध्ये प्या असं त्यात दिलंय, वर फोटो बाटली हलवून फेस उडवणाऱ्याचा. वाचून खरंच वाईट वाटलं म्हणून लिहितोय.

फेस उडवायचा प्रकार १९६७ ला फ्रान्समधली ल मांची कार रेस जिंकल्यावर अमेरिकन ड्रायव्हर डॅन गर्नीने केला आणि तो रूढ झाला, रेसच्या पोडियमवर ठीकच आहे. पण व्हिंटेज म्हणजे फक्त एकाच वर्षीच्या द्राक्षांची, नेहमीच्या शॅम्पेनसारखी वेगवेगळ्या वर्षांची वाइन त्यात मिसळत नाहीत, आणि बाटलीत भरल्यावर किमान ३ वर्षं ती बाहेर काढता येत नाही, तसा नियमच आहे, चांगले उत्पादक तर ७-८ वर्षंही थांबतात. फ्रान्सच्या शॅम्पेन भागातल्या रॅंस आणि एपर्ने या शहरांच्या खाली खडूच्या दगडात खोदलेली मैलोन्मैल तळघरं आहेत, तिथे गारव्यात बाटल्या पडून असतात, बाटलीतच वाइन पुन्हा आंबते, मेलेलं यीस्ट तळाला बसतं, आणि तो भाजलेल्या पावासारखा वास येतो तो या यीस्टमुळेच.

एपर्नेला मी २००८ ची चाखलीये. त्या वर्षी उन्हाळा थंड गेला, सप्टेंबरात कोरडं ऊन पडलं, त्यामुळे द्राक्षं पिकली पण आंबटपणा टिकून राहिला. पहिल्या घोटाला नुसती लिंबाची साल, इतकी धारदार की वाटावं यात एवढं काय आहे! ग्लास तसाच ठेवला, वीसेक मिनिटांत भाजलेले बदाम, मग मध, मग लोणी लावलेला टोस्ट असं एकेक यायला लागलं, आणि गिळल्यावर कितीतरी वेळ जिभेवर खारटसर चव रेंगाळत होती. फ्रीझरमधून काढून प्यायली असती तर यातलं काहीच कळलं नसतं हो.

पुढच्या वेळी प्लीज एवढं छापा की १० ते १२ डिग्रीला प्या, व्हाइट वाइनचा पोट असलेला ग्लास घ्या म्हणजे वास साठतो, आणि उघडताना बूच घट्ट धरून बाटली फिरवा, आत कारच्या टायरच्या दुपटीहून जास्त प्रेशर असतं, डोळ्याला लागू शकतं. आणि जुन्या बाटलीत बुडबुडे कमी दिसले तर खराब निघाली म्हणून लगेच सिंकमध्ये ओतू नका, वयाने ते कमी होतातच, आधी वास घेऊन बघा.

– एक नियमित वाचक, पुणे