आजीला डॉक्टरकडे कुणी नेलं नाही

महोदय,

२० जून हा जागतिक निर्वासित दिन, २६ जून छळ सोसलेल्यांच्या पाठिंब्याचा. मराठवाड्यात दोन्ही कधी येतात नि जातात, पत्ता नसतो. वास्तविक १९४८ मध्ये रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, धास्तीने आपलीच माणसं निजामाची हद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे गेली होती. माझी आजी त्यातलीच. पुढे आयुष्यभर रात्री दारावर थाप पडली की ती आधी दिवा घालवायची, मग आम्हा नातवंडांच्या तोंडावर हात दाबायची. घरचे म्हणत, म्हातारी भित्री आहे. पोलीस कारवाईनंतर, म्हणजे भारतीय सैन्याने निजामाचं राज्य ताब्यात घेतल्यानंतर, इथल्या कितीतरी मुसलमान कुटुंबांनीही असंच सोसलं. त्याबद्दल तर आपण बोलतच नाही.

छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मंजुरी अजून दिलेली नाही. तो दिल्लीचा विषय. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आजीसारख्या, छळाची धास्ती मनात घेऊन जगणाऱ्या रुग्णांसाठी आठवड्यातला एक दिवस राखणं मात्र इथेच जमेल. आणि हिवाळ्यात स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी निर्वासित बायांशी आपण नुसती घासाघीस करतो. त्यांना एकदा शाळेत बोलवा, मुलांना ऐकू द्या.

– एक निवृत्त शिक्षिका, उमरगा (जि. धाराशिव)