मनगटावरच्या त्या दोन बोटांसाठी

आदरणीय सर,

परवा एकट्याने उड्डाण करताना बेस लेगवरून, म्हणजे धावपट्टीला काटकोनात असलेल्या टप्प्यावरून, फायनलवर, म्हणजे तिच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर, वळत होतो. पाठीमागच्या वाऱ्याने मला धावपट्टीच्या रेषेपलीकडे ढकलले, आणि नाक लवकर वळावे म्हणून माझा डावा पाय नकळत रडरचे, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूचे, पेडल दाबू लागला. डावा पंख अधिक झुकला तसा हात उजवीकडे गेला, नाक खाली गेले तसा योक, म्हणजे हातातला नियंत्रणदांडा, मागे ओढला गेला. जमीन जेमतेम 500 फुटांवर होती. आतला पंख आधी स्टॉल होऊन, म्हणजे त्याची उचलून धरण्याची ताकद अचानक खचून, विमान उलटते, आणि सावरायला उंची उरत नाही, ते हेच वळण.

त्या क्षणी मला माझ्या मनगटावर आपली दोन बोटे जाणवली. आपल्यासोबतच्या पहिल्याच उड्डाणात स्टॉलचा भोंगा वाजताच मी योक घट्ट आवळून धरला होता. आपण ओरडला नाहीत, कंट्रोल हिसकावला नाहीत; मनगटावर दोन बोटे हलकेच टेकवलीत आणि माझी मूठ सैल होईपर्यंत थांबलात. मग म्हणालात, "त्याला उडायचंच आहे, तू फक्त ओढू नकोस."

आपल्याआधी ज्यांच्याकडे शिकलो, त्यांनी भरपूर उंचीवर, पंख समतल ठेवून स्टॉलचा सराव उरकला आणि "वेग सांभाळ" एवढेच बजावले. पंख आणि समोरची हवा यांच्यातला कोन मर्यादेबाहेर गेला की कोणत्याही वेगाला स्टॉल होतो, 60 अंश झुकून उंची टिकवत घेतलेल्या वळणात स्टॉलचा वेग सुमारे 41 टक्क्यांनी वाढतो, हे त्यांनी कधी सांगितले नाही. चुकलो की मात्र सर्वांसमोर अपमान केला. तो राग अजून ओसरलेला नाही, कारण त्यांनी शिकवलेली भीतीच परवा माझ्या हातात उतरली होती. घाबरलेल्या माणसाला लाज वाटू न देता शिकवणे किती दुर्मीळ असते, हे मला त्यांच्यामुळेच उमगले.

परवा मूठ सुटली. योक पुढे गेला, रडरवरचा पाय हलका झाला, विमान बाजूला घसरतेय का ते दाखवणारा बॉल मध्यावर आला, आणि पंख समतल करून पूर्ण शक्तीने मी गो-अराउंड केले, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर गेलो. दुसऱ्या खेपेला नीट उतरलो.

संध्याकाळी आपल्याला फोन लावला होता, पण शब्द फुटेना म्हणून ठेवून दिला. तो फोन माझाच होता, सर.

आपला कृतज्ञ विद्यार्थी