कॅमेऱ्याआधी उजेड दाखवणाऱ्या अण्णांना

प्रिय अण्णा,

सा. न. वि. वि.

आमच्या कोकमाच्या मालासाठी कॅमेरा निवडून दिलात त्याचे पैसे द्यायला आलो तेव्हा तुम्ही चहा पुढे केलात. शाल-नारळाचा विषय काढला तर उठून आतच गेलात. म्हणून आता हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. आमच्यासारखे बचत गट वेंगुर्ल्यापासून पार गुहागरपर्यंत आहेत. आपला माल नीट दिसावा म्हणून कॅमेरा घ्यायचा आणि पैसे तर मोजकेच, हा प्रश्न त्यांच्यापुढेही आहे. प्रत्येकीच्या जवळपास कुडाळात आयुष्यभर स्टुडिओ चालवलेले अण्णा असतीलच असं नाही. तेव्हा आभार मानता मानता तुम्ही सांगितलेलं त्यांच्याही कानावर घालते. याला तुमची हरकत नसावी.

आम्ही तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा गटाने २५ हजार रुपये बाजूला काढलेले होते आणि मनात एक बोच होती. मोबाइलवर काढलेल्या फोटोत आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, एकदा गुलाबी दिसायचं, दुसऱ्यांदा तपकिरी. गिऱ्हाईक विचारायचं, "यात रंग घातलाय का?" कोकम आणि मीठ यापलीकडे त्या बाटलीत काही नसतं, अण्णा. भर मे महिन्यात कोकमं फोडून आमच्या बायकांची बोटं काळी पडतात, आणि वर हा प्रश्न. जीव तुटायचा.

दुकानांत चाळीस-पन्नास हजारांचे कॅमेरे दाखवत होते. तुम्ही मात्र आधी विचारलंत, "तुका कॅमेरो होयो काय फोटो होयो गो?" मग फोटो कुठे कुठे दिसणार ते एकेक विचारून घेतलंत. इन्स्टाग्रामवर १०८० पिक्सेल रुंद आणि १३५० उंच. ॲमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, चौकटीचा ८५ टक्के भाग मालाने भरलेला, आणि मोठं करून बघता यावं म्हणून लांब बाजू निदान १००० पिक्सेल. तिथेच वर्तमानपत्राच्या कडेला तुम्ही गुणाकार केलात: १०८० गुणिले १३५० म्हणजे जेमतेम दीड मेगापिक्सेल (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके). "साध्या कॅमेऱ्यात अठरा आसत. उरलेले साडेसोळा कोणाक दाखवतलंस?" त्या एका गुणाकाराने आमच्या डोक्यावरचा २४ आणि ३२ मेगापिक्सेलचा भार उतरला. पुढे प्रदर्शनासाठी मोठा फोटो छापायचा झाला तरी १८ मेगापिक्सेलमध्ये जवळजवळ ए-३ आकाराचा कागद सुबक छापून निघतो, हेही तुम्हीच सांगितलंत.

लोक आता मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळलेत, त्यामुळे चांगले डीएसएलआर, म्हणजे आरसा असलेले आणि लेन्स बदलता येणारे कॅमेरे, वापरलेले आणि स्वस्तात मिळतात, ही तुमची पहिली वाट. दुसरी गोष्ट म्हणजे लांब झूमच्या कॅमेऱ्यांपासून तुम्ही आम्हाला दूर ठेवलंत. ते बाहेरून डीएसएलआरसारखे दिसतात, पण त्यातल्या बहुतेकांचा सेन्सर, म्हणजे आतला उजेड टिपणारा भाग, साधारण ६ बाय साडेचार मिलिमीटरचा. कॅननच्या साध्या डीएसएलआरचा २२ बाय १५, म्हणजे क्षेत्रफळ दहापटीहून जास्त. शेवटी निकॉन डी३३०० आणि कॅनन १३००डी असे दोन उरले. निकॉनचा सेन्सर सरस, २४ मेगापिक्सेलचा, हे तुम्ही मोकळेपणाने सांगितलंत. तरी आमच्यासाठी कॅनन निवडलात, कारण २०१६ सालच्या त्या कॅमेऱ्यात वाय-फाय आहे. गटाकडे लॅपटॉप नाही. फोटो थेट मोबाइलवर येतो, तिथून पुढे जातो, आणि कॅमेरा वरून खाली रोखलेला असला तरी मोबाइलच्या पडद्यावर चौकट दिसते. आमच्याकडे काय नाही हे लक्षात ठेवून निवड करणारा माणूस दुकानात भेटला नसता.

लेन्सच्या बाबतीत तर तुम्ही भल्याभल्यांच्या उलट बोललात. जो तो सांगत होता, ५० मिलिमीटर एफ/१.८ घ्या, स्वस्त आणि मस्त. तुम्ही म्हणालात, कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स पुरे. ५० मिलिमीटरची ती लेन्स ३५ सेंटिमीटरच्या आत फोकस होत नाही, १८-५५ मात्र २५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. त्यामुळे लेबलवरची बारीक अक्षरं, घटकांची यादी आणि अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक वाचता येईल असा फोटो तीच देते. मागचं धूसर करून टाकणारं एफ/१.८, म्हणजे लेन्सचं भोक मोठं उघडलेलं, आम्हाला लागणारच नव्हतं. आम्हाला बाटली झाकणापासून बुडापर्यंत स्पष्ट हवी, म्हणजे भोक लहान करून एफ/८ किंवा एफ/११. तिथे ती साधी लेन्सही उत्तम काम करते. एफ/२२ पर्यंत जाऊ नका, फोटो पुन्हा मऊ पडतो, हेही बजावलंत. झूम ५५ वर ठेवून मागे सरकायचं, म्हणजे बाटलीचे खांदे फुगत नाहीत.

घाट चढून कोल्हापूरला कॅमेरा बघायला तुम्ही स्वतः आलात. गुडघे दुखत असताना आलात, हे घरी काकूंकडून नंतर कळलं. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारून तुम्ही बुरशीचे धागे शोधत होतात. पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ/२२ वर काढून सेन्सरवरचे डाग बघितलेत. बॅटरी मूळची आहे का, कार्डाचं झाकण घट्ट बसतं का, सगळं बघून झाल्यावर मगच मान हलवलीत. सौदा झाला आणि आमच्या २५ हजारांतले बरेच उरले. ते तुम्ही लगेच ट्रायपॉडकडे वळवलेत, हलका झुलता नव्हे, जड. बाटली जागची हलत नाही, मग शटर अर्धा सेकंद उघडं राहिलं तरी काय बिघडतं? आयएसओ, म्हणजे उजेडाला दाद देण्याची पातळी, १०० वर, दोन सेकंदांचा टायमर, आणि हात बाजूला.

आता उजेडाबद्दल. खरं ऋण इथे आहे.

आमच्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, भरपूर ऊन असतं, तिथेच फोटो काढू असं आम्हाला वाटलं होतं. तुम्ही पांढरा कागद खळ्यात धरायला लावलात आणि विचारलंत, हा पांढरा दिसतो का? दिसत नव्हता. एका बाजूने चिऱ्याच्या भिंतीची लाली, दुसऱ्या बाजूने आंब्याच्या पानांची हिरवी झाक. कोकणात उजेड तांबड्या मातीवर आणि झाडांवर आपटून येतो, आणि येताना त्यांचा रंग घेऊन येतो. तो डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो. मग जागा ठरली ती पडवीतली उत्तरेची खिडकी. तिच्यावर बटर पेपर, समोर थर्माकोलचा पांढरा तुकडा, घरातली ट्यूब बंद. राखाडी कार्डाचा फोटो काढून त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल अशी रंगांची जुळणी, लावायचा, आणि जागा किंवा वेळ बदलली की पुन्हा लावायचा. पांढऱ्या पार्श्वभूमीला कॅमेरा फसतो आणि फोटो मळकट काढतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, एक घर वर. वर्षाताई आणि गटातल्या तरुण मुली हे आता माझ्याहून भरभर करतात.

प्रत्येक जिन्नसाला वेगळा उजेड लागतो हे तर आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. आमसुलं काळपट आणि सुरकुतलेली, त्यांच्यावर समोरून उजेड टाकला की नुसता काळा गोळा दिसतो. तुम्ही उजेड बाजूने, अगदी खालून सरपटत आणलात. प्रत्येक सुरकुती उठून आली, रस पाजून पाजून वाळवलेल्या सालीची चकाकी दिसली. आगळाचं उलट. ते इतकं दाट की समोरून बाटली काळी दिसते. तुम्ही बाटलीच्या आकाराचा चंदेरी कागद कापून तिच्या मागे लपवलात आणि खिडकीचा उजेड त्यावरून परतवून रसातून आरपार आणलात. बाटलीच्या दोन्ही बाजूंना काळे कार्ड उभे केलेत, त्याने काचेची कड रेघ ओढल्यासारखी स्पष्ट झाली. अमृत कोकमात साखर, ते पातळ आणि स्वच्छ लाल. आगळाशेजारी ठेवून काढलेल्या फोटोत दोघांतला फरक आता न वाचताही कळतो. काम झालं की बाटली लगेच उजेडातून आत न्यायची, कोकमाचा रंग उजेडाने उडतो, हे सांगणारे छायाचित्रकारही तुम्हीच.

लाल रंगावर तर तुमचा खास डोळा. गडद लाल फोटोत लवकर फुटतो: बाकीचं ठीक दिसत असताना लालाचा तपशील जळून सपाट होतो. म्हणून हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात, लालाची रेघ वेगळी बघायची आणि ती उजव्या कडेला आपटत असेल तर एक्स्पोजर थोडं उतरवायचं. पावसाळ्यात दुपारीच अंधारतं, तेव्हा दिवे लागणार होते. बाजारातला कुठलाही एलईडी आणू दिला नाहीत. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा वर हवा, आणि त्याशिवाय आर-९ चा, म्हणजे गर्द लालाचा, आकडाही विचारायचा, कारण सीआरआयची सरासरी पहिल्या आठ रंगांवर काढतात, गर्द लाल त्यात धरलेलाच नसतो. आंब्याचा व्यापारी हे विसरला तरी चालेल, कोकमवाल्यांनी विसरता कामा नये.

पाऊस सुरू झाला तसा कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात गेला. आत सिलिका जेलचे ओल शोषणारे दाणे आणि लहानसं आर्द्रता मोजायचं यंत्र. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे ठेवायचा. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की गरम करून पुन्हा निळे करायचे. आमच्याकडे ते काम पाळीने चालतं. चामड्याच्या पिशवीत कॅमेरा ठेवायचा नाही, हा नियम भिंतीवर लिहून लावलाय.

आता बातमी. "रंग घातलाय का" हा प्रश्न थांबला, अण्णा. मध्यंतरी पुण्याच्या एक बाई बाटली उघडून म्हणाल्या, फोटोत होतं तस्संच आहे. गटाच्या बैठकीत ते वाक्य वाचून दाखवलं तेव्हा कोकमं फोडणाऱ्या आमच्या आजी नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "अण्णाक सांगा." म्हणून सांगते आहे. फोटो आम्ही काढले, पण आपला माल आहे तसा दाखवायला लाजायचं कारण नाही, हा धीर तुम्ही दिलात. त्यासाठी आम्ही सगळ्याजणी तुमच्या मनापासून आभारी आहोत.

एक अडलंय. आंबापोळी पातळ आहे, मागून उजेड दिला तर सुंदर पिवळी पेटते, पण वरचा पोत दिसत नाही. बाजूने दिला तर पोत दिसतो आणि चकाकीचे पांढरे पट्टे येतात. वर्षाताई म्हणते पोलरायझिंग फिल्टर, म्हणजे चकाकी कमी करणारी काच, लावून बघू, मला वाटतं आधी बटर पेपर दुहेरी करून बघावा. गणपती झाले की पोळ्या घेऊन कुडाळला येतो. दोन्ही करून बघू, आणि शेजारच्या वाडीतल्या तीन मुलींनाही सोबत आणते, त्यांनाही कॅमेरा घ्यायचाय. काकूंना नमस्कार.

तुमची नम्र,
बचत गटातल्या सगळ्याजणींच्या वतीने