मार्करवाली मधुबाला

संपादकसाहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या नटनट्यांचे सही केलेले फोटो जमवणाऱ्यांवर लेख होता, छानच होता, पण त्यात सगळा भर किंमतीवर. अमक्याचा फोटो इतक्याला गेला, तमकीचा तितक्याला. अहो, या नादात मी चांगला साडेचार हजारांना बुडालोय म्हणून हे पत्र.

झालं असं की ऑनलाइन एकाकडून मधुबालाचा सहीवाला ब्लॅक अँड व्हाइट फोटो घेतला. सोबत सर्टिफिकेटसुद्धा आलं, म्हणजे त्या विक्रेत्यानं स्वतःच प्रिंट काढून स्वतःच सही ठोकलेला कागद! फोटो हातात आल्यावर बघतो तर सही जाड काळ्या मार्करनं केलेली, आणि भिंगाखाली धरला तर इंकजेटचे ठिपकेच ठिपके. मधुबाला गेली २३ फेब्रुवारी १९६९ ला. बाई वरून खाली येऊन सही करून गेल्या बहुतेक. पैसे काही परत मिळाले नाहीत, फोन उचलणंच बंद झालं.

तरी ही लबाडी पकडता तरी येते. छापील सहीचं दुखणं वेगळं. तेव्हा मोठ्या नटांना चाहत्यांची पोतीभर पत्रं यायची, सगळ्यांना कोण सही करत बसणार, मग सहीसकट छापलेला पोस्टकार्ड साइज फोटो पाठवून द्यायचे. माझ्या वडिलांकडं अशोककुमारचा तसा एक होता, बाबांनी तो शेवटपर्यंत ट्रंकेत कापडात गुंडाळून ठेवलेला. फोटो उजेडात तिरका धरायचा, खरी सही असेल तर शाईची चकाकी वेगळी दिसते, बॉलपेन असेल तर बारीक चरा लागतो हाताला. बाबांच्या फोटोत सही चित्राच्या आतच बसलेली. मला कळलं होतं, पण बाबा असेपर्यंत बोललो नाही, काय करायचंय बोलून.

आणि सेक्रेटरीनं गिरवलेली सही असेल तर? कागदही त्याच काळातला, शाईही त्याच काळातली, तिथं भिंग काय करणार. तिथं एकच गोष्ट कामाला येते, हा फोटो कुणी, कुठं, कधी, कसा मिळवला. लेखात नेमकं तेच नव्हतं.

आमची आई कोल्हापूरची. शाळा सुटली की मैत्रिणींबरोबर जयप्रभा स्टुडिओच्या फाटकाशी उभी राहायची. तिच्याकडं सुलोचनाबाईंचा एक फोटो आहे, शाईच्या पेनानं मराठीत सही. गुळगुळीत कागदावर शाई लवकर वाळत नाही आणि आईनं घाईत ओढून घेतला, त्यामुळं ‘ना’चा काना फिस्कटलाय आणि त्या डागात तिच्या अंगठ्याच्या रेषा अजून दिसतात. मागं पेन्सिलनं लिहिलंय, ‘जयप्रभा, श्रावण, पाऊस, शकूपण होती’. बाजारात म्हणतील डागाळलेला आहे, भाव पाडा. मी म्हणतो त्या डागाइतका पक्का पुरावा दुसरा नाही, कुठलं सर्टिफिकेट आणताय!

मामाकडं सूर्यकांतचा होता, त्यानं हौसेनं लॅमिनेशन करून आणलं, आता फोटो आत पिवळा पडत चाललाय आणि प्लास्टिक सोडवायची सोय नाही. लोक फ्रेम करून उन्हाच्या भिंतीवर लावतात, शाई उडून जाते. पण त्याहून वाईट म्हणजे आजी-आजोबा गेले की तेराव्यानंतर कपाट रिकामं करायचा उत्साह. रद्दीवाला घेऊन जातो, पुढं चोरबाजारात पोचतो आणि तिथून पुढं गोष्ट नसलेली नुसती सही उरते.

म्हणून विनंती की किंमतींच्या बातम्या कमी करा आणि आठवड्याला एक छोटी चौकट द्या, वाचकांनी आपल्या घरातला असा एक फोटो आणि तो कसा मिळाला ते चार ओळींत पाठवायचं. लिहिताना फोटोच्या मागं बॉलपेन नको, पुढं उमटतं, मऊ पेन्सिल घ्या, तीही कडेला. पुण्यात फिल्म अर्काइव्ह १९६४ पासून आहे, तिथं सिनेमांबरोबर फोटो, पोस्टरंही जपतात, ज्यांच्या घरी पुढं कुणाला आवड नाही त्यांनी रद्दीच्या आधी तिथं विचारून बघावं.

सुलोचनाबाई ४ जून २०२३ ला गेल्या. त्या संध्याकाळी आईनं फोटो मागून घेतला, बराच वेळ मागची बाजू वाचत बसली आणि म्हणाली, यात पेनाचं राहिलंय. पेन तिच्या थोरल्या भावाचं होतं, आनंदाच्या भरात ती ते तिथंच विसरून पळत घरी आली आणि रात्री मार खाल्ला. साठेक वर्षांत पहिल्यांदा सांगितलं तिनं हे. लगेच पेन्सिल आणून ‘शकूपण होती’च्या खाली तेही लिहून टाकलं.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे