रिकामं आहे, असं म्हणू नकोस

खडकी, पुणे
ता. १६ जानेवारी

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

रविवारी बोलता बोलता फोन बंद झाला, तेव्हा इकडचं नेट गेलं असेल असं तुला वाटलं म्हणे. नेट गेलं नव्हतं. फोन मी ठेवला. त्यानंतर तीन पत्रं लिहिली आणि फाडली. हे चौथं. तू घेतलेल्या त्या पिस्तुलाबद्दल यात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो, पण दुसरं काही सुचेना.

वस्तू देखणी आहे, हे आधी कबूल करतो. तू नळी कॅमेऱ्याजवळ आणलीस तेव्हा तिच्यावरचा निळसर काळा रंग बघून माझे हात शिवशिवले. एकतीस वर्षं अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत काढलेला माणूस आहे मी, घासून काढलेलं पोलाद आणि जपलेलं पोलाद लगेच ओळखू येतं. तू म्हणालास, बाबा, हे १९६८ सालचं, तुम्ही तेव्हा नववीत होता. खरं आहे. मी नववीत असतानाची वस्तू आज माझ्या मुलाच्या हातात आहे, याचं मला बरंच वाटलं होतं. अगदी पहिली दोन मिनिटं.

त्या रात्री झोप लागली नाही म्हणून तुझ्या पिस्तुलाचं, रुगर मार्क वनचं, वाचत बसलो. कंपनीचं माहितीपुस्तक अजून मिळतं. खडकी बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतलं. स्टर्म आणि रुगर या दोघांनी १९४९ साली कनेटिकटमधल्या साउथपोर्टला हे काम सुरू केलं आणि पहिलं पिस्तूल साडेसदतीस डॉलरला विकलं. नेमबाजीसाठीचं, नेम धरायची मागची खाच बारीक स्क्रूने सरकवता येणारं मार्क वन १९५१ सालचं. त्याच वर्षी स्टर्म वारला आणि मुठीवरचा लाल गरुड, कंपनीचं चिन्ह, त्याच्या दुखवट्यात काळा झाला. तुझ्या मुठीवर काळाच आहे, मी नीट बघितला. भागीदारासाठी इतकी वर्षं काळा रंग ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटला.

पण पुढचंही वाचलं. आता तेच लिहितो, रागावू नकोस.

या पिस्तुलात नऊ राउंड, म्हणजे काडतुसं, बसतात आणि नववा सुटला तरी बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, मागे अडकून राहत नाही, पुढे जाऊन बसतो. ती सोय १९८२ च्या मार्क टूमध्ये आली. म्हणजे भरलेलं आणि संपलेलं, दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं. दुसरी गोष्ट, सेफ्टी लावलेली असताना बोल्ट ओढताच येत नाही. आत काही आहे का ते बघायचं तर आधी सेफ्टी काढावी लागते. तिसरी, साफसफाईसाठी खोलायचं तर आधी घोडा उतरवायला चाप ओढावा लागतो. मी हे सगळं कागदावर मांडलं आणि आईला दाखवलं. ती म्हणाली, त्याला माहीत असेल. असेलच. तरीही लिहितो. आधी मुठीच्या बुडाशी असलेला खटका दाबून मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढायचं, मग सेफ्टी, मग बोल्ट, मग चेंबरमध्ये, म्हणजे सुटायच्या आधी काडतूस बसतं त्या खोबणीत, डोळ्याने बघायचं आणि बोटाने चाचपायचं. क्रम उलटा झाला, मॅगझिन आत राहून बोल्ट आधी ओढला गेला, तर सोडताक्षणी तो पुढचा राउंड चेंबरमध्ये नेऊन ठेवतो आणि आपण समजतो की रिकामं केलं.

पुन्हा शिकवायला लागलो. बत्तीस वर्षांच्या, क्लबात तीन वर्षं घाम गाळलेल्या मुलाला मी काय शिकवणार? ग्रीन कार्ड येईपर्यंत तिथल्या कायद्याने सहसा हात लावता येत नाही म्हणून तू नुसता बघायला जायचास, हे मी इथे किती जणांना सांगितलंय ते तुला ठाऊक नाही. ज्यांचं हे पिस्तूल होतं, त्या मास्तरांकडून थेट हातोहात न घेता दुकानदारामार्फत फॉर्म भरून, चौकशी होऊ देऊन घेतलंस, तेही सांगितलं. पेन्सिल्व्हेनियात तसाच नियम आहे, पण नियम पाळला याचंही कौतुक बापाला असतं.

आणि तो टार्गेटचा फोटो. पंचवीस यार्डांवरून, एका हाताने, दुसरा हात खिशात, दहा सेकंदांत पाच गोळ्या. पाचही मधल्या काळ्या वर्तुळात. त्याची प्रिंट काढून पंचांगात ठेवली आहे. हात इतका स्थिर कुठून आला म्हणून मी विचार करत होतो, तर आई दारात ठिपक्यांची रांगोळी काढत होती. चिमटीतून पीठ सोडताना तिचं मनगट बघ कधीतरी. माझ्याकडून नाही आला तो हात. माझा तर सही करतानाही हलतो.

खेळाला माझा विरोध नाही, हे नीट ऐक. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण आणलं तेव्हा मी कॉलनीत पेढे वाटले होते. कोल्हापूरची कोण कुठली मुलगी, आणि मी वाटत होतो.

विरोध एका वाक्याला आहे. माझ्या नातीचा, सईचा हात पडद्यात आला, तिने नळीच्या टोकाला बोट लावलं आणि तू हसून म्हणालास, "रिकामं आहे, बाबा."

हे वाक्य मी याआधी एकदा ऐकलंय. ती हकिगत तुला अर्धीच माहीत आहे. आमच्या दादांची, तुझ्या आजोबांची, ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. भात पिकायला लागलं की रात्री मचाणावर जायचे. परत आले की बंदूक माजघराच्या खुंटीला. ठासणीची आत भरलेली आहे की नाही ते नुसतं बघून कळत नाही, वरून गज टाकावा लागतो. गज तळाला गेला तर रिकामी, चार बोटं वर राहिला तर भरलेली. दादा दर वेळी गज टाकायचे. पाऊस असो, झोप असो, टाकायचेच. आम्ही मुलं त्या खण्ण आवाजावरून ओळखायचो की दादा आले.

त्या सकाळी दादा देवरुखला गेले होते. माझ्या थोरल्या भावाने, नानाने बंदूक काढली. तो सोळा वर्षांचा, मी अकरा. बहीण कुसुम दळण निवडत होती. ती म्हणाली, ठेव ती, दादा ओरडतील. नाना म्हणाला, "रिकामी आहे गं."

दाराच्या चौकटीतला खड्डा तू बघितलास. लहानपणी त्यात गोट्या लपवायचास. छर्रे लाकडात गेले, कुसुमला एकही लागला नाही, देवाची कृपा म्हणायची. पण आवाज तिच्या कानाशी झाला. आत्याच्या डाव्या बाजूला बसून कुणी बोलत नाही ते त्या दिवसापासून. नाना जाईपर्यंत दर भाऊबीजेला तिच्या उजवीकडेच पाट मांडायचा आणि जेवायचं सोडून तिच्याकडे बघत बसायचा. तू सात वर्षांचा असताना तिला "बहिरी आत्या" म्हणालास आणि मी तुला थोबाडीत मारली. कारण सांगितलं नाही. चूक माझी होती, तेव्हाच सांगायला हवं होतं.

दादांनी नानाला मारलं नाही. खुंटीवरून बंदूक काढली, गज टाकला, आवाज ऐकला आणि पुन्हा टाकला. संध्याकाळपर्यंत टाकत होते. तो आवाज मला रविवारी ऐकू आला आणि मी फोन ठेवला.

तुझं पिस्तूल म्हणजे काही ठासणीची बंदूक नाही, तू नाना नाहीस, हे मला कळतं. पण तुझ्या पिस्तुलात बसते ती पॉइंट टू-टू मापाची, अडीच ग्रॅमची गोळी मैलभर जाते. ती किती लहान दिसते, तेच तिचं वाईट. माझ्या हाताखालून त्याहून मोठी काडतुसं लाखांनी गेली, आणि मला लहान काडतुसाचीच भीती वाटते, कारण मुलांच्या हातात तेच मावतं.

तर एवढं कर. तुमच्या रेंजवर चेंबरमध्ये घालायची ती पिवळी प्लास्टिकची पट्टी असते ना, ती घरातही काढू नकोस. पट्टी बाहेर दिसते, म्हणजे चेंबरमध्ये राउंड बसूच शकत नाही. आमच्या गजासारखंच आहे ते. तिजोरीचा नंबर सईचा वाढदिवस ठेवू नकोस, तो तिला पाठ आहे, मला फोनवर म्हणून दाखवते. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. श्वेतालाही ते उघडून बघायला शिकव, ती नको म्हणाली तरी. आणि पिस्तूल चामड्याच्या म्यानात ठेवू नकोस, दमट हवेत गंज धरेल.

अजून एक. रेंजवरून आलास की सईला उचलायच्या आधी हात साबणाने धू, शर्ट बदल. शिसं असतं हाताला, कपड्यांना. मी फॅक्टरीतून आल्यावर आधी आंघोळीला जायचो तेव्हा तू न्हाणीच्या दाराशी बसून रडायचास. बाबा घेत नाहीत म्हणून. मी आतून गाणी म्हणायचो.

पुन्हा यादी झालीच. माफ कर. तिथे तू एकटा सगळं निभावतोस, घर, नोकरी, बर्फ, आणि आठवड्यातून दोन तास स्वतःसाठी काढतोस, तर बाप त्यातही बोट घालतो. तुझा आनंद काढून घ्यायचा नाही मला. उलट, उन्हाळ्यात आम्ही आलो की मला रेंजवर ने. मी नुसता मागे खुर्चीवर बसेन. कॅम्प पेरीच्या सामन्यांना जायचा तुझा विचार आहे ना, ओहायोत, तिथेही येईन. पाणी धरीन.

फक्त ते वाक्य म्हणू नकोस. मी विचारलं तर "बघितलं" म्हण. दोन मिनिटांपूर्वी बघितलं असेल तरी पुन्हा बघ आणि मग म्हण.

आईने मेतकूट आणि भाजणी कुरियरने पाठवली आहे. कुसुमआत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, बरी आहे. तिने तुझा टार्गेटचा फोटो मागितला होता. मी दाखवला. बराच वेळ हातात धरून बसली होती. मग म्हणाली, मुलगा नेमका आहे, दादांसारखा.

या रविवारी फोन मी करतो. सईला आधी दे.

तुझा,
बाबा